वय वाढलं की लघवीचे त्रास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात आधी बाबांना आणि मग आईला लघवीचा त्रास सुरू झाला, दोघांचा अगदी वेगवेगळा, आणि आमची पाच-सहा वर्षं त्यातच गेली. मी डॉक्टर नाहीये. पण त्या काळात युरोलॉजिस्ट, गायनॅक, फिजिओ सगळ्यांना इतके प्रश्न विचारले, आणि नंतर ओळखीचे लोक मला तेच तेच प्रश्न विचारायला लागले, की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. औषधांची नावं खाली येतील ती फक्त माहितीसाठी, मनाने सुरू करायला किंवा बंद करायला नाही.

वय झालं की हे होणारच ना? किती कॉमन आहे?

खूप कॉमन आहे. सत्तरीच्या पुढे बहुतेक लोकांना रात्री निदान एकदा तरी उठावंच लागतं, बाई असो की पुरुष. प्रोस्टेट ग्रंथी म्हणाल तर पन्नाशीतल्या साधारण निम्म्या पुरुषांत ती वाढायला लागलेली असते आणि ऐंशीच्या पुढे हे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जातं, अर्थात वाढलेली असली म्हणजे प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. बायकांमध्ये साधारण निम्म्या जणींना आयुष्यात एकदा तरी लघवीचं इन्फेक्शन होतं आणि पाळी गेल्यावर ते पुन्हा पुन्हा व्हायची शक्यता वाढते. नकळत लघवी होणं हे वयस्कर बायकांत तीन-चार जणींमागे एकीला तरी असतं, पण सांगत कोणीच नाही त्यामुळे प्रत्येकीला वाटतं की फक्त मलाच आहे.

पण कॉमन आहे म्हणून सोडून द्यायचं का? चाळिशीत चष्मा लागणं पण कॉमनच आहे, तरी चष्मा करून घेतोच ना आपण. "वय झालंय" असं म्हटलं की शोध तिथेच थांबतो, हा खरा घोटाळा आहे. बाबांच्या त्रासाचं निम्मं कारण त्यांच्या पायात निघालं, आणि ते समजायला दीड वर्ष गेलं, कारण तोपर्यंत सगळे (मी पण) "या वयात असतंच" म्हणत बसलो होतो.

वयाने नेमकं बदलतं काय?

लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय हा स्नायूंचा फुगा आहे. तरुणपणी त्यात आरामात ३०० ते ५०० मिली लघवी मावते आणि दीडशे-दोनशे मिलीच्या आसपास पहिली जाणीव होते. वय वाढलं की पिशवीची लवचीकता कमी होते, मावतं कमी, स्नायू मधेच आपोआप आवळला जातो त्यामुळे अचानक घाई होते, आणि उलट रिकामी करताना मात्र पुरेसा जोर लागत नाही म्हणून थोडी लघवी आत शिल्लक राहते. शिवाय "थांब, अजून जागा आहे" असं पिशवीला सांगणारा मेंदूतला ब्रेक जरा सैल होतो. पूर्वी लघवीला लागल्यावर तासभर काढता यायचा, आता पाच मिनिटं पण निघत नाहीत, ते यामुळे.

रात्री किती वेळा उठणं ठीक आहे?

एकदा उठून परत झोप लागत असेल तर बहुधा काळजीचं नाही. दोन किंवा जास्त वेळा उठावं लागत असेल आणि दिवसभर पेंग येत असेल तर दाखवा. आणि झोप हा त्यातला लहान भाग झाला, मला जास्त भीती पडण्याची वाटते. अंधारात, अर्धवट झोपेत, घाईघाईत उठल्यावर म्हातारी माणसं पडतात, आणि कमरेचं हाड मोडलं की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. बेडपासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा, वाटेत पायपुसणी आणि वायरी नकोत, भिंतीला धरायला दांडा, आणि उठल्यावर अर्धा मिनिट बेडच्या काठावर बसून मग उभं राहायचं. औषधं नंतर, हे आजच करा.

पण एवढी लघवी रात्रीच का होते, दिवसा का नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे कारण याच्या उत्तराने बाबांची झोप परत आली.

बाबा रात्री चार-पाच वेळा उठायचे. सगळ्यांनी गृहीत धरलं की प्रोस्टेट. गोळी सुरू झाली, दिवसा धार सुधारली पण रात्रीचं उठणं काही कमी होईना. मग एका डॉक्टरांनी तीन दिवस लघवी मोजायला सांगितली. एक जुना मापाचा जग बाथरूममध्ये ठेवला आणि दोरीने बांधलेली पेन्सिल आणि नातवाची अर्धी भरलेली वही. बाबांनी तीन दिवस इमानदारीत लिहिलं, रात्रीचं अक्षर वाकडंतिकडं, पण वेळ आणि आकडा बरोबर. बेरीज केली तर दिवसभरात जेमतेम ७०० मिली आणि रात्री झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत ९०० च्या वर! वयस्कर माणसात चोवीस तासांच्या लघवीपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त जर रात्री होत असेल तर प्रश्न पिशवीचा कमी आणि रात्री लघवी जास्त तयार होण्याचा जास्त असतो. अशा वेळी प्रोस्टेटची कितीही औषधं दिली तरी उपयोग कसा होणार?

डॉक्टरांनी मग बाबांचे मोजे काढायला लावले. घोट्याच्या वर मोज्याच्या इलॅस्टिकची खोल खाच पडलेली, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहिला. दिवसभर बसून पायात जे पाणी उतरतं ते रात्री आडवं झालं की परत रक्तात येतं, किडनी ते गाळते, आणि माणूस रात्रभर उठत राहतो. आम्ही रोज तो मोज्याचा वळ बघायचो आणि आमच्या डोक्यात कधी आलंच नाही की याचा लघवीशी काही संबंध असेल.

मग दुपारी तासभर पाय उशीवर उंच करून पडणं, संध्याकाळी चालणं, मीठ कमी, दिवसा घट्ट स्टॉकिंग्ज, आणि बीपीसाठी असलेली लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांनी वेळ बदलून दुपारी दिली म्हणजे तिचा जोर झोपायच्या आधी संपतो. पाच वेळाचं दोन वेळा झालं. हृदय पण तपासलं, कारण पायाला सूज येण्यामागे हृदय, किडनी, लिव्हर किंवा बीपीची एखादी गोळी (अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात) काहीही असू शकतं.

बाकीची कारणं पण आहेत. रात्री लघवी कमी ठेवणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन वयाने रात्री पुरेसं वाढत नाही. शुगर जास्त असेल तर लघवी वाढते. आणि घोरणाऱ्या माणसाचा झोपेत श्वास अडकत असेल म्हणजे स्लीप अॅप्निया असेल तर हृदयावर ताण येऊन ते लघवी वाढवणारं एक हार्मोन सोडतं, म्हणजे माणूस म्हणतो लघवीमुळे झोप मोडते आणि खरं कारण घशात असतं. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिन नावाची गोळी मिळते पण ६५ च्या पुढे तिने रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं, त्यामुळे ती रक्त तपासत तपासतच घ्यावी लागते.

मग पाणीच कमी प्यायलं तर?

नाही नाही नाही. हे सगळेच करतात आणि इथेच फसतात. पाणी कमी केलं की लघवी गडद होते, गडद लघवीने पिशवी जास्त चिडते, उन्हाळी लागते, बद्धकोष्ठ होतं, आणि भरलेलं आतडं मागून पिशवीला दाबतं म्हणजे घाई अजून वाढते. म्हातारपणी तहान पण नीट लागत नाही. साधारण दीड ते दोन लिटर एकूण पातळ पदार्थ दिवसभरात, त्यातलं बरंचसं दुपारपर्यंत, आणि झोपायच्या आधीचे दोन-तीन तास फक्त औषधापुरतं. चहा-कॉफी आणि दारू संध्याकाळनंतर टाळली तर बऱ्याच जणांना फरक पडतो. हृदय किंवा किडनीच्या पेशंटना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल तर तेच पाळायचं, माझं नाही.

प्रोस्टेट वाढली हे कसं कळतं? कॅन्सर तर नसेल?

लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक, मधेच थांबते, जोर करावा लागतो, झाल्यावर पण पिशवीत राहिल्यासारखं वाटतं, पँट वर केल्यावर दोन थेंब गळतात. तरुणपणी ही ग्रंथी अक्रोडाएवढी असते, लघवीची नळी तिच्या मधूनच जाते, त्यामुळे ती वाढली की नळी आवळली जाते. गंमत म्हणजे ग्रंथी किती मोठी आहे आणि त्रास किती आहे याचा फारसा मेळ नसतो, लहान ग्रंथीवाल्याला भयंकर त्रास आणि मोठीवाला मजेत असं पण असतं, म्हणून नुसत्या सोनोग्राफीचा आकडा बघून घाबरू नका. डॉक्टर सात प्रश्नांचा एक फॉर्म देतात, ० ते ३५ गुण, ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, त्याच्यावर जास्त.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नाही आणि तिचा कॅन्सर होत पण नाही. पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी करायची.

औषधांचं दोन गोष्टी लक्षात ठेवा ज्या आम्हाला उशिरा कळल्या. टॅमसुलोसिनसारखी गोळी नळी सैल करते, काही दिवसांतच फरक दिसतो, पण उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती हे आवर्जून सांगायचं, कारण तिने ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा लुळा पडतो. हे २००५ मध्ये लक्षात आलं. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध म्हणून लोक सांगतच नाहीत. दुसरं, फिनास्टेराइडसारखी ग्रंथी लहान करणारी गोळी असर दाखवायला सहा महिने घेते आणि तिने पीएसएचा (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा) आकडा साधारण निम्मा होतो, म्हणजे रिपोर्टमध्ये २ आलं तर ते खरं ४ च्या जवळपास धरायचं. नवीन डॉक्टरला हे माहीत नसेल तर तो रिपोर्ट बघून निर्धास्त होईल.

लघवी एकदम बंदच झाली तर?

लगेच हॉस्पिटल. सकाळपर्यंत वाट बघू नका.

बाबांना सर्दी झाली होती. साधी सर्दीची गोळी घेतली, दोन दिवस, डॉक्टरांना न विचारता. दुसऱ्या रात्री बारा वाजता बाबा बाथरूममध्ये नळ सोडून उभे होते, पाण्याच्या आवाजाने होईल म्हणून. ओटीपोट टणक, नाभीच्या खाली हाताला गोल गोळा लागत होता, घामाने शर्ट भिजलेला. हॉस्पिटलमध्ये नळी घातली तेव्हा लिटरच्या वर लघवी निघाली आणि बाबा तिथेच टेबलावर झोपून गेले, इतका आराम पडला त्यांना. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं आणि ॲलर्जी कमी करणारं औषध असतं, त्यातलं एक पिशवीचं तोंड आवळतं आणि दुसरं पिशवीचा जोर काढून घेतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

एक उलटं दिसणारं लक्षण पण सांगते. सतत थेंब थेंब गळतंय म्हणजे लघवी होतेय असं वाटतं, पण कधी कधी पिशवी काठोकाठ तुंबलेली असते आणि फक्त वरचं सांडत असतं. असं हळूहळू तुंबत गेलं तर दुखत पण नाही आणि किडनीवर दाब येऊन ती खराब होते. लघवी झाल्यावर आत किती उरली हे सोनोग्राफीत लगेच दिसतं, ते बघायला सांगा.

खोकलं, शिंकलं, हसलं की लघवी होते. यावर काही उपाय आहे का?

आहे, आणि बहुतेकींना ऑपरेशन लागत पण नाही. ओटीपोटाच्या खालून एका झोळीसारखे स्नायू असतात जे पिशवी, गर्भाशय, आतडं सगळं तोलून धरतात. बाळंतपणात ते ताणले जातात, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन अजून सैल होतात, वजन आणि जुना खोकला त्यावर भार टाकतात.

यासाठीचे व्यायाम अर्नोल्ड केगल या अमेरिकन गायनॅकॉलॉजिस्टने १९४८ मध्ये मांडले, अजूनही तेच पहिला उपाय आहेत. वारा सरतोय तो रोखायचाय अशी कल्पना करून आतून वर ओढायचं, पाच ते दहा सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, ढुंगण आवळायचं नाही आणि श्वास धरायचा नाही. आई चार महिने करत होती आणि फरक शून्य, मग फिजिओने हात ठेवून बघितलं तर ती आतून वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होती, म्हणजे बरोबर उलटं! त्यामुळे एकदा तरी माहितीच्या माणसाकडून तपासून घ्या. त्यानंतर तीन महिने नेटाने करा, त्याच्या आत निकाल मागू नका. लघवी करताना मधेच धार थांबवून सराव करायचा नाही, त्याने पिशवी नीट रिकामी न व्हायची सवय लागते. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं, ही युक्ती आईला सगळ्यात आधी कामाला आली.

वजन ५ ते १० टक्के कमी झालं तरी गळणं बरंच कमी होतं. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग मिळते, ज्यांना ऑपरेशन नको किंवा झेपणार नाही त्यांच्यासाठी चांगली आहे.

आणि अचानक अशी घाई होते की दारापर्यंत पोचेपर्यंत होऊन जाते, त्याचं काय?

हा वेगळा प्रकार, यात पिशवी मनाने आवळते. घाई झाली की पळायचं नाही. उलट उभं किंवा बसून राहायचं, खालचे स्नायू पटपट पाच-सहा वेळा आवळायचे, लाट ओसरली की चालत जायचं. घाई ही लाटेसारखी येते आणि जाते, हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही. मग घड्याळ लावून दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं, कमीत कमी सहा आठवडे. "आधीच जाऊन येते" म्हणून दर तासाला जायची सवय असते ना, तिने पिशवी कमी लघवीतच ओरडायला शिकते.

गोळ्या आहेत. ऑक्सिब्युटिनिन, सॉलिफेनासिन या जातीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि वयस्कर माणसांत गोंधळलेपणा, विसरभोळेपणा वाढू शकतो, विशेषतः सर्दीच्या, झोपेच्या, डिप्रेशनच्या गोळ्या बरोबर असतील तर. मिराबेग्रॉन वेगळ्या पद्धतीने काम करतं, डोक्यावर तसा परिणाम नाही पण बीपी बघावं लागतं.

दर दोन-तीन महिन्यांनी इन्फेक्शन होतं. स्वच्छता कमी पडते का?

बहुतेक वेळा नाही, आणि हा आरोप ऐकून बायका फार खजील होतात. बायकांची लघवीची नळी जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांची २० च्या आसपास, म्हणजे जंतूंना बायकांत रस्ताच छोटा. बहुतेक इन्फेक्शन ई. कोलाय या आपल्याच आतड्यातल्या जंतूने होतं. पाळी असेपर्यंत योनीमार्गात चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू आम्लपणा टिकवतात आणि बाकीच्यांना थारा देत नाहीत, पाळी गेली की इस्ट्रोजेन जातं आणि हे पहारेकरी पण जातात. म्हणून वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बाईला योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात. आईला ते लावायलाच संकोच वाटायचा, तीन महिने ट्यूब तशीच कपाटात पडून होती, आणि लावायला लागल्यावर पुढच्या वर्षात एकदाच इन्फेक्शन झालं. साबण, डेटॉल, सुगंधी वॉश आत वापरू नका, त्याने उलट नुकसान होतं.

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन इन्फेक्शन झाली की त्याला वारंवार म्हणतात, मग लघवीचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी), सोनोग्राफी, शुगर बघायची. क्रॅनबेरीने काही बायकांना थोडा फायदा होतो असं दिसलंय, संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांमध्ये मात्र दिसलेला नाही. शुगरच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात त्यामुळे लघवी वाढते आणि तिथे खाज, बुरशी होऊ शकते, तसं झालं तर सांगा, गोळी परस्पर बंद करू नका.

अँटिबायोटिकचा अर्धा राहिलेला पत्ता पुढच्या वेळेसाठी ठेवायचा नाही. किडनी कमजोर असेल तर नायट्रोफ्युरँटोइन चालत नाही, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांनी ६० च्या पुढे टाचेच्या वरची शीर (रक्ताची नाही, स्नायूला हाडाशी जोडणारी) तुटायचा धोका असतो, ती घेताना टाच दुखली तर थांबवून लगेच विचारा.

रिपोर्टमध्ये जंतू आले पण त्रास काहीच नाही. औषध घ्यायचं का?

बहुतेक वेळा नाही! म्हातारपणी लघवीत जंतू शांतपणे राहत असतात, वृद्धाश्रमात राहणाऱ्या बायकांमध्ये तर २५ ते ५० टक्के जणींत सापडतात. जळजळ नाही, ताप नाही, घाई वाढलेली नाही, मग ते इन्फेक्शन नाही. औषध देऊन काही फायदा होत नाही, जुलाब होतात आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि खरं इन्फेक्शन होईल तेव्हा गोळी चालत नाही. लघवीच्या मार्गातलं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून त्रास नसताना उगाच कल्चर करूच नका. नुसता वास आला किंवा रंग गडद झाला म्हणून पण नाही, आधी पाणी पाजा आणि बघा.

आजी अचानक असंबद्ध बोलायला लागली, शेजारीण म्हणते लघवीचं इन्फेक्शन आहे.

असू शकतं, वयस्कर माणसाला कधी ताप-जळजळ नसते आणि अचानक गोंधळच उडतो. पण लघवीत जंतू सापडले म्हणून तेच कारण धरून बसू नका, कारण वर सांगितलं तसं ते आधीपासूनच असू शकतात. सोडियम कमी झालंय का, पाणी कमी पडलंय का, नवीन गोळी सुरू झालीय का, छातीत कफ आहे का, लघवी किंवा संडास तुंबलीय का, पडून डोक्याला लागलंय का, हे सगळं बघायला हवं. एका दिवसात माणूस बदलला तर त्याच दिवशी डॉक्टर.

लघवीत एकदाच रक्त दिसलं आणि आपोआप थांबलं. थांबू का?

थांबू नका. न दुखता रक्त येणं हे दुखून येण्यापेक्षा जास्त काळजीचं. इन्फेक्शन, मूतखडा, प्रोस्टेट काहीही असेल, पण पिशवीचा कॅन्सर असाच एकदा दिसून महिनोन्महिने गप्प बसतो, सिगरेट-बिडी ओढणाऱ्यांना धोका बराच जास्त. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून आलं असेल असं पण म्हणून सोडायचं नाही.

कॅथेटर कायमची ठेवली तर सगळ्यांचीच सोय होईल ना?

नळी घातली की रोज थोडे थोडे जंतू वर सरकतात आणि महिनाभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतातच. गरज असेल तर आहेच, पण रोज विचारायचं की अजून गरज आहे का. लघवी जमा होते ती बाहेरची पिशवी कायम कमरेच्या खाली, जमिनीला न टेकवता, नळीला पीळ नाही.

डायपर लावू का?

बाहेर जाताना, लग्नकार्यात, प्रवासात जरूर, माणूस घराबाहेर पडतो हे महत्त्वाचं. पण तपासणीच्या ऐवजी डायपर नको. आणि ज्याला लघवी कळतेय पण गुडघ्यामुळे वेळेत पोचता येत नाही त्याला डायपर नकोय, त्याला बेडशेजारी कमोडची खुर्ची आणि नाडीऐवजी इलॅस्टिकची पँट हवी आहे.

डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं?

तीन दिवसांची वही. किती वाजता, किती मिली, काय आणि किती प्यायलं, कधी गळलं, कधी झोपले कधी उठले. आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून, डोळ्याचे थेंब आणि आयुर्वेदिक चूर्णासकट. पायाची सूज, बद्धकोष्ठ, घोरणं हे विचारलं नाही तरी सांगा.

आई-बाबा सांगतच नाहीत. कसं विचारायचं?

आईने दोन वर्षं सांगितलं नव्हतं. मला कळलं ते कपड्यांवरून, दुपारी सगळे झोपले की ती साडीचा परकर धुऊन आतल्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर वाळत घालायची, बाहेरच्या दोरीवर नाही. तिने भजनाला जाणं पण बंद केलं होतं आणि सांगायची की गुडघे दुखतात.

"तुला लघवीचा त्रास आहे का?" असं सरळ विचारलं तर नाहीच म्हणतील. मी एकदा स्वतःचंच सांगितलं, की बाळंतपणानंतर शिंकलं की मला पण होते. ती जरा वेळ गप्प बसली, आणि मग हळूच म्हणाली, "तुला पण?" त्यानंतर अर्धा तास बोलत होती. दुसऱ्या दिवशी परकर बाहेरच्या दोरीवर होता.